बालकांतील नीलामार्ग व नीलादर्शन
रुग्णाच्या नीलेत (शरीराच्या भागांतून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत, बोलभाषेत शिरेत) पोकळ सुई अथवा लवचिक नळी बसवून तिच्यावाटे द्रव, औषधे, पोषक द्रव्ये किंवा रक्त देण्याच्या सोयीस नीलामार्ग म्हणतात. त्वचेखालील नीला प्रकाशाच्या, विशेषतः अवरक्त किरणांच्या साहाय्याने डोळ्यांस दिसू शकेल अशी करण्याच्या तंत्रास नीलादर्शन असे म्हणता येईल. प्रौढ रुग्णात नीलामार्ग मिळविणे बहुधा सोपे असते. अर्भकांत व लहान मुलांत मात्र ते आजही वैद्यकातील नित्याच्या कामांपैकी एक अवघड काम समजले जाते आणि म्हणूनच नीलादर्शनाच्या साधनांचा विकास बव्हंशी बालरुग्ण डोळ्यांपुढे ठेवून झाला आहे.

अडचणीचे स्वरूप : नवजात बालकाच्या शरीरात दर किग्रॅ. वजनास सुमारे ८० मिलि. रक्त असते, म्हणजे तीन किग्रॅ. वजनाच्या बालकाचे एकूण रक्त पाव लिटरच्या आसपास भरते. त्याच्या हातापायांवरील नीला अतिशय बारीक असतात. लहान मुलांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नळीचा बाहेरील व्यास सु. ०·७ मिमी. असतो आणि पुष्कळदा नीला तिच्याहून फारशी रुंद नसते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या गुटगुटीत मुलांत त्वचेखालील मेदाच्या थरामुळे नीला दिसत नाहीत व बोटांनाही लागत नाहीत. थंडी, भीती व रडणे यांमुळे त्या आणखी आकुंचन पावतात. मूल स्थिर राहत नाही, हे वेगळेच.

याहून महत्त्वाची अडचण शरीरव्यापारातच आहे. जुलाब, उलट्या किंवा रक्तस्राव यांमुळे शरीरातील द्रव कमी झाला की, हृदय व मेंदू यांचा रक्तपुरवठा टिकविण्यासाठी त्वचेकडील वाहिन्या आक्रसतात. त्यामुळे ज्या मुलाला शिरेतून द्रव देण्याची निकड सर्वांत जास्त, त्याच्याच शिरा सर्वांत कमी सापडतात. नीलामार्गाचा आणि नीलादर्शनाचा इतिहास हा या एका विरोधाशी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे.

प्रारंभीचे प्रयोग : विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला, तेव्हा नीलेत घातलेला पदार्थ सर्व शरीरभर पोहोचेल ही कल्पना प्रथमच सयुक्तिक ठरली. पुढे वास्तुशिल्पज्ञ म्हणून कीर्ती पावलेले क्रिस्टोफर रेन (१६३२–१७२३) यांनी १६५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे पिसाची पोकळ दांडी व प्राण्याचे मूत्राशय यांचे साधन करून कुत्र्याच्या नीलेत मद्य व अफू यांचे अंतःक्षेपण केले. १६६७ मध्ये झां बातीस्त दनी यांनी पॅरिसमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या एका तापकरी मुलास कोकराचे रक्त दिले. मानवास केलेल्या रक्ताधानाचे हे पहिले नमूद उदाहरण मानतात आणि त्यातील रुग्ण अल्पवयीन होता, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. तो मुलगा वाचला. तथापि दनी यांच्या दुसऱ्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर प्रकरण न्यायालयात गेले, रक्ताधानावर निर्बंध आले आणि पुढील सु. दीडशे वर्षे हा विषय मागे पडला.

पटकीची साथ व लवणद्राव : या विषयास पुन्हा चालना मिळाली ती पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीमुळे. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये साथ पसरली असता विल्यम ब्रूक ओशॉनेसी (१८०९–८९) या तरुण डॉक्टरांनी रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक परीक्षण केले. रक्तातील पाणी व लवणे मोठ्या प्रमाणात नष्ट झालेली आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हेच ओशॉनेसी पुढे भारतात आले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि भारतातील तारायंत्राची उभारणीही त्यांच्याच हातून झाली. त्यांच्या निष्कर्षांच्या आधारे स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लॅटा यांनी मे १८३२ मध्ये मरणोन्मुख अवस्थेतील एका वृद्ध स्त्रीच्या हाताच्या नीलेत लवणद्राव सोडला. सुमारे अर्ध्या तासात सहा पाइंट (सु. साडेतीन लिटर) द्रव दिल्यावर तिच्या चेहऱ्यावर तजेला आला व नाडी हाताला लागू लागली. परंतु जुलाब चालूच राहिले, द्रव पुन्हा देण्यात आला नाही आणि काही तासांनी ती दगावली. एकदा भरून काढलेली तूट पुन्हा पडते, तेव्हा नीलामार्ग टिकवून ठेवावा लागतो, हा धडा या पहिल्याच प्रयत्नात होता. जंतुशास्त्राच्या अभावी दूषित द्रवांमुळे होणाऱ्या संसर्गाचे कारण त्या काळी कळणे शक्य नव्हते आणि साथ ओसरल्यावर ही पद्धतीही विस्मृतीत गेली.

१८५३ मध्ये स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वुड व फ्रान्समध्ये शार्ल प्राव्हाझ यांनी स्वतंत्रपणे पिचकारी व पोकळ सुई वापरात आणली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कलकत्ता येथे लेनर्ड रॉजर्स (१८६८–१९६२) यांनी पटकीच्या रुग्णांना अधिक संहत लवणद्राव शिरेतून देण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे मृत्युप्रमाणात मोठी घट झाली. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी अमेरिकेत असे दाखविले की, अंतःक्षेपणानंतर येणारा ताप ऊर्ध्वपातित पाण्यातील जंतुजन्य पदार्थांमुळे येतो व ते टाळता येतात. यानंतरच शिरेतून द्रव देणे ही खऱ्या अर्थाने नित्याची चिकित्सा होऊ शकली.

बालकांसाठी शोधलेले मार्ग : प्रौढांच्या बाबतीत हे घडत असताना बालकांसाठी प्रश्न निराळाच होता. द्रव कोणता द्यावा हे कळले, तरी तो कोठून द्यावा हे उमगत नव्हते. मार्च १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे अलेक्सी कारेल (१८७३–१९४४) यांनी रक्तस्रावाने मृत्युपंथास लागलेल्या काही दिवसांच्या मुलीच्या गुडघ्यामागील नीलेस तिच्या वडिलांच्या मनगटाची रोहिणी थेट शिवून रक्त दिले व ती वाचली. ही शस्त्रक्रिया असामान्य कौशल्याची होती. प्रत्येक रुग्णालयात ती होणे अशक्य होते.

१९१५ च्या सुमारास यूरोप व अमेरिका येथील काही डॉक्टर अर्भकाच्या टाळूतून सुई घालून तिच्या खालून जाणाऱ्या मोठ्या नीलाकोटरात (मेंदूवरील रक्त गोळा करणाऱ्या रुंद वाहिनीत) द्रव सोडू लागले. ही वाहिनी हमखास सापडते; पण सुई थोडी जरी घसरली, तरी मेंदूस इजा पोहोचण्याचा धोका असे. १९१८ मध्ये केनेथ ब्लॅकफन व केनेथ मॅक्सी यांनी लवणद्राव पर्युदराच्या पोकळीत (पोटातील अवयवांभोवतीच्या अस्तराच्या पोकळीत) सोडण्याची पद्धत वर्णन केली. द्रव तेथून हळूहळू शोषला जाई. मांडीच्या किंवा पाठीच्या त्वचेखाली द्रव सोडण्याची पद्धतही बराच काळ चालू होती. हे सर्व मार्ग नीला न सापडल्यामुळे पतकरलेले होते.

याच काळात बॉस्टन येथे जेम्स गँबल (१८८३–१९५९) व सेंट लूइस येथे अलेक्सिस हार्टमन (१८९८–१९६४) यांनी मुलांच्या शरीरातील पाणी, लवणे व अम्लता यांचे नियमन अभ्यासले. हार्टमन यांनी १९३२ मध्ये रिंगर द्रवात लॅक्टेट मिसळून अतिसाराने आजारी मुलांसाठी तयार केलेला द्रव आजही जगभर वापरात आहे. द्रवांचे शास्त्र असे पक्के होत गेले, तसा नीलामार्गाचा तुटवडा अधिकच जाणवू लागला.

१९४० नंतर लिअँड्रो टोकँटिन्स व त्यांचे सहकारी यांनी अस्थिमज्जेतून द्रव देण्याची पद्धत मांडली. मुलाच्या नडगीच्या हाडात जाड सुई बसविली की, द्रव मज्जेतील जाळ्यातून तत्काळ रक्तप्रवाहात जातो. हाडातील ही वाहिन्यांची जाळी शरीरातील द्रव कितीही कमी झाला तरी मिटत नाही, हा तिचा मोठा गुण होय. मात्र १९४५ मध्ये लॉरेन्स मायर्स यांनी प्लॅस्टिकची नळी नीलेत घालण्याचे तंत्र वर्णन केले, १९५० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे डेव्हिड मासा यांच्या कल्पनेतून सुईवर चढविलेली नळी तयार झाली आणि अस्थिमार्ग विस्मरणात गेला. नळी लवचिक असल्याने ती मुलाने हात हलविला तरी नीला फाडून बाहेर येत नसे. अर्भकांसाठी डोक्यावरील त्वचेतील नीला वापरण्याची पद्धत व तिच्यासाठी दोन पंख असलेली आखूड सुई या गोष्टीही पुढे प्रचारात आल्या. काहीच जमले नाही, तर घोट्याजवळची त्वचा कापून नीला उघडी करीत. अस्थिमार्गाचे पुनरुज्जीवन १९८४ मध्ये झाले. अमेरिकन बालरोगतज्ञ जेम्स ऑर्लोव्हस्की यांनी भारतात पटकीच्या साथीत ही जुनी पद्धत वापरली जात असलेली पाहिली होती. मायदेशी परतल्यावर त्यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. आज आणीबाणीच्या प्रसंगी नीला लवकर सापडत नसेल, तर अस्थिमार्ग हा मान्य पर्याय आहे.

नीलादर्शनाची पूर्वपीठिका : शरीराच्या आत पाहण्यासाठी प्रकाश वापरण्याची कल्पना जुनी आहे. १८३१ मध्ये रिचर्ड ब्राइट यांनी जलशीर्ष झालेल्या रुग्णाचे डोके मेणबत्तीच्या उजेडात अर्धपारदर्शक दिसत असल्याचे वर्णन केले. व्हिल्हेल्म राँटगेन (१८४५–१९२३) यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावल्यावर दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेनटाल यांनी मृत शरीराच्या हातातील वाहिन्यांत अपारदर्शक मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. परंतु क्ष-किरणांनी नीला दिसण्यासाठी तिच्यात आधी काही भरावे लागते; जी नीला सापडतच नाही, तिच्यासाठी हा उपाय निरुपयोगी होता.

उपयोगी पडले ते अवरक्त किरण. विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) यांनी १८०० मध्ये ते शोधून काढले होते. १९३० नंतरच्या दशकात अवरक्त किरणांस संवेदनशील छायाचित्रण-फिल्म उपलब्ध झाली, तेव्हा तिच्यावर त्वचेखालील नीलांचे गडद जाळे उमटते असे आढळून आले. ही चित्रे निदानाला उपयोगी होती. पण फिल्म धुऊन होईपर्यंत सुई थांबू शकत नाही. रुग्णाच्या बिछान्याशी प्रथम पोहोचला तो साधा दृश्य प्रकाश. १९७५ मध्ये लॉरेन्स कून्स व त्यांचे सहकारी यांनी अर्भकाच्या हाताखाली प्रखर दिवा धरून नीला शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अंधाऱ्या खोलीत तळहाताखालून प्रकाश दिला असता कोवळ्या हाताचा पंजा लालसर उजळतो व त्यात नीला काळ्या रेषांसारख्या दिसतात. सुरुवातीच्या तप्त दिव्यांनी नवजात बालकांची त्वचा भाजल्याच्या घटनाही घडल्या. कमी उष्णता देणारे अर्धसंवाहक दिवे आल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला.

तत्त्व व यंत्ररचना : दृश्य प्रकाशाचा बराच भाग त्वचेतच शोषला जातो व विखुरला जातो. सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निकट अवरक्त प्रकाशाचे शोषण त्वचा, मेद व पाणी यांत फारच कमी होते. मात्र रक्तातील हीमोग्लोबिन तो शोषून घेते. त्यामुळे अशा प्रकाशात भोवतालचे ऊतक उजळ व नीला काळी दिसते. रोहिण्या सहसा खोलवर असल्याने या चित्रात येत नाहीत. त्वचेच्या रंगद्रव्याचे शोषणही या पट्ट्यात घटते. म्हणून सावळ्या त्वचेच्या रुग्णांतही, जेथे साध्या डोळ्यांना नीला ओळखणे कठीण जाते, हे तंत्र उपयोगी पडते. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा आहे.

मेंफिस येथील टेनेसी विद्यापीठातील हर्बर्ट झेमन व त्यांचे सहकारी यांनी या तत्त्वास निर्णायक रूप दिले. त्यांच्या यंत्रात अवरक्त दिवे त्वचा उजळवितात, कॅमेरा परतलेला प्रकाश टिपतो, संगणक चित्रातील नीलांचा उठाव वाढवितो आणि प्रक्षेपक तेच चित्र हिरव्या प्रकाशात त्याच जागी त्वचेवर पाडतो. चित्र वेगळ्या पडद्यावर न दिसता प्रत्यक्ष हातावरच दिसत असल्याने सुई धरणाऱ्यास नजर हलवावी लागत नाही. हे यंत्र २००६ च्या सुमारास ‘व्हेन व्ह्यूअर’ या नावाने बाजारात आले. त्यानंतर काही वर्षांतच लेसर शलाका त्वचेवरून वेगाने फिरविणारे, हातात मावणारे ‘ॲक्युव्हेन’ हे यंत्र आले. या साधनांत क्ष-किरण नसल्याने प्रारणाची भीती नसते व त्वचेस स्पर्शही करावा लागत नाही.

उपयुक्ततेची परीक्षा : यंत्राने नीला दिसते, हे निर्विवाद होते. तिच्यात सुई पहिल्याच प्रयत्नात जाण्याचे प्रमाण वाढते काय, हा प्रश्न वेगळा होता. तो चाचण्यांनी सोडविला गेला आणि उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदर्लंड्समधील एका चाचणीत सु. १,९०० मुलांचा समावेश होता. तीन निरनिराळी अवरक्त यंत्रे व यंत्राविना नेहमीची पद्धत यांची तुलना करता पहिल्या प्रयत्नातील यश सर्व गटांत जवळपास सारखेच, म्हणजे सत्तर ते पंचाहत्तर टक्के आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात नीला मिळणे कठीण जाईल असे वाटणारी मुले व अनुभवी परिचारिका निवडल्या होत्या. पहिल्या प्रयत्नातील यश नेहमीच्या पद्धतीने ६२ टक्के, तर यंत्राच्या साहाय्याने ४७ टक्के इतकेच आले. याउलट, नीला दिसणे कठीण असलेल्या मुलांपुरता विचार केलेल्या काही लहान चाचण्यांत यंत्राचा लाभ दिसून आला.

या विसंगतीचा उलगडा यंत्राच्या मर्यादांतून होतो. प्रक्षेपित चित्र नीलेची जागा दाखविते. तिची खोली दाखवीत नाही. ती भरलेली आहे की मिटलेली, तिच्यातून रक्त वाहते आहे की आत गुठळी बसली आहे, हे चित्रावरून समजत नाही. सुमारे एक सेंमी.हून खोल असलेल्या नीला दिसतच नाहीत. निष्णात परिचारिका डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विसंबते. दाबल्यावर नीला उसळते काय, ती कोणत्या दिशेने जाते, सांध्याजवळ वळते काय, हे ती स्पर्शाने जाणते. चित्र समोर असले की, उत्तम नीलेऐवजी ठळक दिसणारी नीला निवडण्याकडे कल होऊ शकतो. २००८ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एका गुणांकन पद्धतीत मुलाचे वय, अपुऱ्या दिवसांचा जन्म, नीला दिसणे व नीला हाताला लागणे अशा चार गोष्टी पाहून अडचणीचा अंदाज आधीच बांधला जातो. त्यात दिसणे हा चारांपैकी एकच निकष आहे.

खोलवरच्या नीलांसाठी श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या प्रतिमांचा उपयोग २००० नंतर वाढत गेला. त्यात नीलेची खोली कळते, ती दाबाने मिटते काय हेही पडताळता येते आणि सुईचे टोक आत जाताना पाहता येते. मात्र यासाठी विशेष प्रशिक्षण लागते व छोट्या रुग्णालयांत ते सहज उपलब्ध नसते.

वेदनेचा विचार : पहिल्या प्रयत्नातील यशास एवढे महत्त्व देण्याचे कारण केवळ वेळेची बचत हे नाही. विसाव्या शतकात दीर्घकाळ नवजात बालकास वेदना फारशी जाणवत नाही, असा समज वैद्यकात प्रचलित होता. १९८७ मध्ये भारतीय वंशाचे बालरोगतज्ञ कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या शरीरात तीव्र ताणाची प्रतिक्रिया उमटते व भूल दिल्यास ती कमी होते. तेव्हापासून सुईच्या प्रत्येक टोचणीची गणना वेदनेत होऊ लागली. त्वचा बधिर करणारे मलम, नवजात बालकाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब, आईच्या कुशीत असतानाच सुई घालणे, ठरावीक प्रयत्नांनंतर अधिक अनुभवी व्यक्तीस बोलाविणे, हे उपाय यंत्रांहून स्वस्त आहेत व सर्वत्र करता येण्याजोगे आहेत.

नीलामार्गाची गरज : या इतिहासातील सर्वांत दूरगामी बदल नीला न शोधताच घडला. आतड्यातून ग्लुकोजबरोबर सोडियम व पाणीही शोषले जाते, या ज्ञानाच्या आधारे १९६८ मध्ये डाक्का येथे डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडावाटे देऊन पटकीचे रुग्ण सुधारतात असे दाखविले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून देण्याचा द्रव अपुरा पडला. तेव्हा बालरोगतज्ञ दिलीप महालनबीस (१९३४–२०२२) यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिण्याच्या पाण्यातून देण्यास सुरुवात केली आणि मृत्युप्रमाण सु. ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. हे द्रावण रुग्णाचे नातेवाईकही पाजू शकत होते. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्या अतिसार नियंत्रण कार्यक्रमाचा पाया म्हणून स्वीकारले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

महाराष्ट्रात ‘सलाईन लावणे’ हा शब्दप्रयोग उपचाराचाच पर्याय होऊन बसला आहे. जलसंजीवनी पिऊ शकणाऱ्या मुलासही सलाईन लावावे, असा आग्रह पुष्कळदा पालकच धरतात. ज्या मुलाला शुद्ध नाही, सतत उलट्या होतात, जे अत्यवस्थ आहे किंवा ज्याला शिरेतूनच औषध देणे भाग आहे, त्याच्यासाठी नीलामार्गास पर्याय नाही. इतरांच्या बाबतीत मात्र सुई न टोचणे हाच योग्य उपचार ठरतो. अवरक्त यंत्रे, श्राव्यातीत प्रतिमा व अस्थिमार्ग यांनी नीलामार्ग मिळविण्याची शक्यता वाढविली आहे. परंतु त्यांपैकी कोणते साधन केव्हा वापरावे आणि मुळात नीलेपर्यंत जाण्याची गरज आहे काय, हे ठरविण्याचे काम बालकाची तपासणी करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांकडेच राहिले आहे.